बिल्ला कोणी द्यायचा?

संगणक येण्यापूर्वी बँकेत धनादेश दिला की कारकून पितळेचा एक बिल्ला हातावर ठेवी. धनादेश खातेवहीकडे जाई, तेथून साहेबांच्या सहीला, मग रोखपालाकडे. पैसे केव्हा मिळतील हे कुणीच सांगत नसे. बाकावर बसून राहावे आणि 'सत्तेचाळीस' असा पुकारा झाला की उठावे. आधी आलेल्याला आधी मिळतीलच असे नव्हे, पण ज्याचे त्यालाच मिळत.

इव्हेंट-बेस्ड प्रोग्रॅमिंगमध्ये नेमके हेच चालते. काम सांगायचे आणि त्याच्यासाठी न थांबता पुढे जायचे. काम संपले की घटना घडते आणि तिच्यासाठी नेमलेले फंक्शन बोलावले जाते. प्रश्न एवढाच, की वीस कामे बाहेर दिलेली असताना हे आलेले उत्तर त्यांतल्या कोणत्या कामाचे? विद्यार्थी मित्रहो, या प्रश्नाला आपल्या वर्गात मिळायला हवी ती जागा मिळालेली नाही असे माझे स्पष्ट मत आहे. प्रयोगवहीतले आपले सगळे प्रोग्रॅम एका वेळी एकच काम करणारे, उत्तर येईपर्यंत गप्प उभे राहणारे. बाहेरचे जग तसे नाही.

निकाल दाखवणाऱ्या पडद्याचेच पाहा. मुलाने परीक्षा क्रमांक टाकला, एक अंक चुकला म्हणून लगेच दुसरा टाकला. पहिले उत्तर सर्व्हरवर रेंगाळले, दुसरे चटकन आले. मग ते रेंगाळलेले येऊन त्याच्यावर बसले. वर क्रमांक स्वतःचा आणि खाली गुण परक्याचे! कंपायलर यावर चकार शब्द काढत नाही. प्रकल्प दाखवतानाही हा दोष दिसत नाही, कारण तिथे एकच जण सावकाश एकेक क्रमांक टाकत असतो.

डॉट नेटच्या २००५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने यासाठी घालून दिलेली पद्धत मला आजही शिकवण्याजोगी वाटते. काम सुरू करणाऱ्या फंक्शनला युजरस्टेट नावाची एक जादा वस्तू द्यायची. काम संपल्याच्या घटनेबरोबर तीच वस्तू परत हाती येते. प्रगती कळवणाऱ्या घटनेतही तीच. काम रद्द करायचे तरी तीच दाखवायची. चालू असलेल्या दोन कामांना एकच खूण दिली तर एक्सेप्शन. काम संपले की खूण नोंदीतून काढून टाकायची, नाहीतर मेमरी उगाच भरत जाते. रद्द करण्यातही एक मेख आहे. रद्दचा निरोप पोचेपर्यंत काम उरकलेलेही असू शकते, म्हणून आपण 'रद्द' म्हटले म्हणजे ते झालेच असे धरून चालत नाही.

आता ही पद्धत जुनी झाली. नव्या कामासाठी ती वापरा असे खुद्द मायक्रोसॉफ्टही म्हणत नाही. २०१२ मध्ये सी शार्पमध्ये आणि २०१७ च्या प्रमाणात जावास्क्रिप्टमध्ये असिंक-अवेट आले. टास्क किंवा प्रॉमिस हाच बिल्ला झाला. तेव्हा हे जुने दळण कशाला, असे काही प्राध्यापक मित्र विचारतात. मला ते पटत नाही. वरचा निकालाचा घोळ अवेट लिहूनही जसाच्या तसा होतो, करून पाहावा. शिवाय नोडसारख्या व्यवस्थेत एकाच थ्रेडवर शेकडो विनंत्या चालतात आणि लॉगमध्ये दहा जणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. म्हणून तर पायथनला २०१८ मध्ये काँटेक्स्टव्हार्स आणि नोडला २०२० मध्ये असिंक लोकल स्टोरेज आणावे लागले. गूगलने २०१० मध्ये डॅपरवरचा निबंध प्रसिद्ध केला, त्यात प्रत्येक विनंतीला एक क्रमांक आहे आणि तिच्या पोटातल्या प्रत्येक कामाला स्वतःचा व आपल्या जनकाचा. म्हणजे आपल्याकडचीच रीत, नाव, वडिलांचे नाव, आडनाव!

खूण प्रत्येक फंक्शनला हाताने देत बसले तर कोड बोजड होतो, ही तक्रार खरी आहे. नोकरीत गेल्यावर ती आपोआप वाहून नेणारी साधने खुशाल वापरावीत. पण शिकताना निदान एका प्रकल्पात ती हातानेच न्यावी, म्हणजे कुठे निसटते ते कळते.

असो. खूण ठरवायची कोणी, हा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बँकेत बिल्ला बँकच देई. नेटवर्कवरच्या कामात मात्र तो मागणाऱ्याने आधीच ठरवावा. फी भरली, पैसे कापले गेले आणि उत्तर वाटेत हरवले, तर सर्व्हरने दिलेला क्रमांकही त्याबरोबरच हरवतो. पुन्हा बटण दाबावे तर दुसऱ्यांदा पैसे जायची भीती, न दाबावे तर फीची मुदत टळायची. क्रमांक आपणच आधी ठरवला असेल तर तोच पुन्हा पाठवता येतो. सर्व्हरने तो नोंदवून ठेवला असेल तर काम झाल्याचे त्याला दिसते आणि तो पैसे न कापता जुनेच उत्तर परत देतो. ज्या घरात फीचे पैसे उसने आणलेले असतात, तिथे हा फरक लहान नाही.

यंदा प्रकल्प तपासताना पहिल्या उत्तराला मी मुद्दाम पाच सेकंदांचा उशीर लावून पाहणार आहे. अंतिम वर्षाच्या मुलांनी तयारीत असावे.