पंचाहत्तर वॉटच्या आत

कचेऱ्यांनी आणि पेढ्यांनी पाच-सात वर्षे राबवून मोडीत काढलेले संगणक आज महाराष्ट्रातील असंख्य मध्यमवर्गीय घरांत दुसऱ्या कारकिर्दीस रुजू झाले आहेत, आणि अभियांत्रिकीच्या अथवा ॲनिमेशनच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेली मुले त्यांत ग्राफिक कार्ड बसविण्याची तजवीज करू लागली की, बहुतेक घरांत विचारविनिमयाचा आरंभ कार्डाच्या किमतीपासूनच होतो. हा क्रम मला मुळातच सदोष वाटतो. कोणते कार्ड आपल्याला परवडेल हा प्रश्न दुय्यम होय. आपले यंत्र कोणत्या कार्डाचा भार सोसू शकेल हा प्रश्न अग्रक्रमाचा, आणि त्याचे उत्तर दुकानदाराच्या दरपत्रकात नव्हे, तर यंत्राच्या आत, त्याला वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसच्या अंगावर चिकटविलेल्या कागदावर छापलेले असते.

कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून तो कागद एकदा स्वस्थपणे वाचावा. त्यावर ठळक अक्षरांत ४५० वॉट असे लिहिलेले असले तरी, विशेषतः स्वस्त कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसच्या बाबतीत, त्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. कारण प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड या दोहोंची गरज मुख्यत्वे १२ व्होल्टच्या वाहिनीवर भागते, आणि म्हणून त्या रकान्यातील अँपिअर तेवढे पाहावयाचे असतात. तेथे १७ अँपिअर असतील तर १२ गुणिले १७ या हिशेबाने हाती २०४ वॉट येतात. इंटेलच्या चौथ्या पिढीतील आय-फाइव्ह ४५७० या प्रोसेसरची नेमस्त गरज ८४ वॉटची आहे. त्यात कार्डाचे ७५ मिळविले की बेरीज १५९ होते, आणि डिस्क व पंखे यांच्यासाठी पंचेचाळीस वॉट शिल्लक राहतात. एवढा जमाखर्च घरबसल्या कोणासही मांडता येईल.

७५ हा आकडा मी सहज घेतलेला नाही. मदरबोर्डावरील पीसीआय एक्सप्रेस स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देऊ शकतो, आणि त्यापलीकडची भूक असणाऱ्या कार्डाला एसएमपीएसकडून सहा किंवा आठ पिनांची स्वतंत्र तार लागते. जुन्या कार्यालयीन संगणकांत ती तार बहुधा नसतेच, आणि काही कंपन्यांच्या यंत्रांत एसएमपीएसची घडण व जोडणी इतकी निराळी असते की, बाजारातील साधा एसएमपीएस तेथे बसत नाही. अशा वेळी मोलेक्सच्या तारेवरून जोडणी ओढून घेण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो मला सर्वस्वी त्याज्य वाटतो. चार पैसे वाचविण्यापायी तार तापून वितळण्याची जोखीम कोणी पत्करू नये.

तेव्हा निवड या मर्यादेतच करावी, आणि तीही सुदैवाने दरिद्री नाही. २०१९ साली आलेले जीटीएक्स १६५० आणि फेब्रुवारी २०२४ मधले ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० या दोहोंच्या जादा तारेवाचून चालणाऱ्या आवृत्त्या मिळतात. शिवाय अरुंद कॅबिनेटसाठी त्यांची लो प्रोफाइल रूपेही उपलब्ध आहेत. आरएक्स ६४०० तर केवळ ५३ वॉटवर भागविते. परंतु ते स्लॉटच्या चारच लेन वापरीत असल्यामुळे जुन्या मदरबोर्डावर त्याची गती खुंटते, आणि चित्रफितींचे एन्कोडिंग करणारी यंत्रणाच त्यात नसल्याने व्हिडिओ संपादन करणाऱ्याच्या ते फारसे उपयोगी पडत नाही. इंटेलचे आर्क ए-३८० कागदावर आकर्षक दिसते. मात्र रिसायझेबल बार ही सोय नसलेल्या जुन्या मदरबोर्डावर त्याची कामगिरी पुष्कळच घसरते. २०१६ चे जीटीएक्स १०५० टीआय आजही स्वस्तात मिळते, तरी एनव्हिडियाने त्या पिढीला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद करण्याचे जाहीर केले, आणि त्यापुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेपुरती दुरुस्ती देऊ केली. म्हणून नवी खरेदी या दृष्टीने मी ते सुचविणार नाही.

जुन्या मालाच्या खरेदीविषयी थोडे सविस्तर लिहिणे अगत्याचे आहे, कारण फसगत होते ती येथेच. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक कार्डांवर चालणारे त्याचे खाणकाम थांबले, तेव्हा अहोरात्र राबलेली असंख्य कार्डे जगभरच्या जुन्या बाजारात उतरली. अशी कार्डे सरसकट नामंजूर करावीत असे मी म्हणणार नाही; पंखा व थर्मल पेस्ट बदलून त्यांतील कित्येक चांगली चालतात. खरी धास्ती बनावट कार्डांची आहे. बऱ्याच जुन्या चिपवर खोटा बायॉस चढवून तीच १०५० टीआय म्हणून विकली गेल्याचे दाखले आहेत. जीपीयू-झेड हा विनामूल्य प्रोग्राम असे सोंग बहुधा उघडे पाडतो; तेव्हा विक्रेत्याने तो आपल्यासमोर चालविण्यास आणि पाव-अर्धा तास कार्डावर ताण देऊन दाखविण्यास नकार दिला, तर भाव कितीही पडेल असला तरी तेथून उठावे.

शिवाय, संगणक सुरू होण्यास पाच मिनिटे लागतात ही तक्रार ग्राफिक कार्डाची नव्हेच. ती एसएसडीने आणि आणखी एका रॅमने दूर होते, व तो खर्च बहुधा कार्डापेक्षा कमी असतो. कार्ड आणि एसएमपीएस यांची बेरीज संगणकाच्या खरेदीकिमतीवर जाऊ लागली, तर मात्र बेत तहकूब करून तोच पैसा अंगभूत ग्राफिक्स असलेल्या रायझन ५ ५६००जीसारख्या प्रोसेसरच्या यंत्राकडे वळविणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

लॅमिंग्टन रोडच्या अथवा आपल्या गावातल्या दुकानदारांस माझी आग्रहाची विनंती आहे की, गिऱ्हाइकाने कार्डाचा भाव विचारताच त्यांनी आधी त्याच्याकडे एसएमपीएसच्या कागदाचे छायाचित्र मागावे. आणि गिऱ्हाइकानेही ते छायाचित्र, मदरबोर्डाचे नाव व कॅबिनेटच्या आतील मोकळ्या जागेचे माप बरोबर घेतल्यावाचून दुकानाची पायरी चढू नये.