रुग्णालयातील संग्रहालय : गौरवासाठी नव्हे, पुराव्यासाठी

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रकर्माचे वृत्त चित्रासह प्रसिद्ध झाले. कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे कापलेले नाक कपाळावरील त्वचा वळवून पुन्हा घडविण्यात आले होते. त्यापासून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडन येथे तसेच शस्त्रकर्म केले आणि १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. रुग्णाचे नाव टिकले, ग्रंथकाराचे टिकले. मूळ शस्त्रकर्म करणाऱ्याचे नाव मात्र त्या वृत्तात नाही. तो वीटकाम करणाऱ्यांपैकी होता, एवढीच त्याची ओळख उरली. हा प्रसंग आपण व्याख्यानांतून अभिमानाने सांगतो, तोही परक्यांच्या कागदाच्या आधारे.

यातून आपण काही बोध घेतला आहे काय? पनवेलची १८७२ मधील औषधनिर्मिती, शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेले आयुर्वेद महासंमेलन, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व पुणे येथे अनुक्रमे १९१७ व १९३३ मध्ये निघालेली महाविद्यालये, यांचा इतिहास निदान स्मरणिकांतून तरी सापडतो. परंतु तालुक्याच्या गावी तीन पिढ्या रुग्णसेवा करणाऱ्या वैद्याचा इतिहास त्याच्या वह्यांतच असतो. जुना वाडा पाडला जातो, दवाखाना बंद होतो आणि त्या वह्या रद्दीत जातात. पोथ्यांना भांडारकर संस्थेसारखा आश्रय लाभला. चिकित्सेच्या वह्यांना तो अद्याप नाही.

महाविद्यालयांत द्रव्यगुण व रसशास्त्र विभागांची संग्रहालये आहेत, हे खरे. ती विद्यार्थ्यांना द्रव्ये व यंत्रे ओळखता यावीत म्हणून असतात. त्या परिसरात कोणी, कोणत्या व्याधीवर, काय दिले आणि त्याचा परिणाम काय झाला, हे तेथे कळत नाही. म्हणून प्रत्येक संलग्न रुग्णालयात प्रादेशिक वैद्यक-इतिहासाचे छोटे दालन असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या कामी औषधालयचालकांचा वाटा वैद्यांइतकाच मोलाचा आहे. खरेदीच्या जुन्या वहीवरून कोणते द्रव्य कोणत्या भागातून, कोणत्या भावाने येत असे आणि अतिविषेऐवजी मुस्ता घेण्याची वेळ केव्हा आली, हे कळू शकते. जुनी लेबले, दरपत्रके, खल, डमरूयंत्र यांचेही तसेच. घराण्याचा गुप्त पाठ उघड होईल, ही शंका रास्त आहे. देणाऱ्याने तेवढी पाने मोहोरबंद ठेवण्याची अट घालावी व संस्थेने ती पाळावी. रुग्णांची नावे तर झाकलीच पाहिजेत.

एका गोष्टीविषयी मात्र आमचा आग्रह आहे. या दालनात केवळ यशाच्या कथा नसाव्यात. जी चिकित्सा फसली, जो कल्प पुढे वापरातून गेला, ज्या मात्रेने अपाय झाला, त्यांच्या नोंदीही तितक्याच जपाव्यात. पुरावा मागणाऱ्या आजच्या काळात निवडक कागद दाखविणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

यासाठी प्रथमच मोठ्या निधीची आवश्यकता नाही. कोरड्या खोलीतील एक बंद कपाट, प्रत्येक पानाचे छायाचित्र आणि वस्तू कोणाची, कोठली, कोणत्या काळातील व कशासाठी वापरली जाई, याची नोंदवही एवढ्यावर आरंभ होतो. वह्या प्लॅस्टिकमध्ये बांधू नयेत, ओलसर भिंतीला टेकवू नयेत.

आपल्या संघटनेच्या प्रत्येक जिल्हा शाखेने या वर्षी निदान एका बंद होऊ घातलेल्या दवाखान्याच्या किंवा औषधालयाच्या वह्या मिळवाव्यात आणि त्या घरातील वडीलधाऱ्यांकडून त्यांतील सांकेतिक खुणांचा अर्थ लिहून घ्यावा. वही पुढेमागे एखाद्या माळ्यावर सापडेलही. पण तिच्या खुणा उलगडून सांगणारे फार काळ आपल्यात असणार नाहीत.