पार्सल की बसून?

बाहेरगावचा पाहुणा आला की प्रश्न ठरलेला असतो. वेरूळ झालं, मकबरा झाला, आता नान-खलिया कुठे खायचा ते सांग. गेल्या महिन्यात बी.एड.च्या दिवसांतली माझी पुण्याची मैत्रीण आली, तिनंही तेच विचारलं. मी लगेच शहागंज, बुढ्ढी लेन, सिटी चौक अशी नावं घेतली. ती म्हणाली, "मग चल की. तू नेहमी कुठं बसतेस?"

मी गप्प. या शहरात चाळीस वर्षं काढली, पण नान-खलियाच्या हॉटेलात बसून मी एकदाही जेवले नव्हते.

खाल्ला मात्र भरपूर. अब्बा रविवारी सकाळी स्टीलचा डबा घेऊन निघायचे. डब्यात खलिया, पेपरात गुंडाळलेले गरम नान. नाहीतर मग कुणाचं लग्न, कुणाचा वलीमा. खरं सांगू का, सगळ्यात चांगला नान-खलिया दावतीतच मिळतो. देगेत शेकडो माणसांचा रस्सा लाकडावर शिजतो तेव्हा वर जी लाल तर्री येते, ती घरच्या कुकरमध्ये येत नाही. खोबरं, तीळ, शेंगदाणे यांचं वाटण रश्श्यात कुठं गेलं ते कळत नाही. नान तर घरी कुणी करतच नाही, ते भट्टीवाल्याकडूनच येतात. जाड पण मऊ, वरून हळदीचा पिवळा रंग, चवीला किंचित गोड. तुकडे रश्श्यात टाकायचे आणि जरा थांबायचं. घाई असेल त्यानं वडापाव खावा.

महंमद तुघलकाच्या फौजेबरोबर हा पदार्थ इकडे आला असं आपल्याकडे सांगतात. १३२७ साली त्यानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, दौलताबाद नाव दिलं. राजधानी परत गेली, नान मागे राहिला. गोष्ट किती खरी ते इतिहासकारांनी बघावं, पण एकदम शेकडोंसाठी शिजणारं आणि ताट-वाट्यांचा पसारा न मागणारं हे जेवण फौजेचं वाटतं खरं. आणि त्या हॉटेलांत अजूनही फौजच बसलेली असते. सगळे पुरुष.

तर आम्ही दोघी गेलो. हॉटेलाचं नाव सांगत नाही, कारण दुसरीकडेही असंच झालं असतं. पोऱ्यानं आमच्या मागे कुणी पुरुष आहे का ते पाहिलं आणि विचारलं, "पार्सल?" मी म्हटलं, "बसून." तो गल्ल्याकडे बघू लागला. वर फॅमिली रूम होती, पण तिथं कांद्याची पोती आणि कोल्ड्रिंकची खोकी रचलेली. शेवटी हात धुवायच्या बेसिनजवळ एक टेबल पुसून दिलं. कुणी वावगं बोललं नाही. उलट सगळे इतक्या अदबीनं खाली मान घालून जेवत होते की आपणच काही चुकीचं करतोय असं वाटावं.

मग मैत्रिणीनं हळूच विचारलं, "हे कशाचं असतं गं?" पोऱ्या म्हणाला, "बडे का." ती फक्त मटण-चिकन खाते. तिनं नाक मुरडलं नाही, चहा मागवला आणि त्यात नान बुडवून खाल्ला. एवढंच म्हणाली, "बाहेर लिहिलेलं असतं तर बरं झालं असतं."

तिचं म्हणणं मला पटतं. २०१५ च्या कायद्यानं महाराष्ट्रात बैल आणि वळू कापायलाही बंदी आली. गाय त्याआधीपासूनच बंद होती. म्हशीवर अशी बंदी नाही. म्हणजे लपवण्यासारखं काही नाही. तरी हॉटेलवाला बोर्डावर लिहीत नाही, कारण आजच्या हवेत 'बडे का' म्हटलं की कोण काय समजेल याचा भरवसा नाही. त्याची भीती खोटी नाही, आपण सगळेच ती ओळखतो. पण न लिहिल्यानं संशय घेणारा थांबत नाही, फक्त विश्वासानं आलेला पाहुणा अवघडतो. म्हशीचं असेल तर म्हशीचं, मटण असेल तर मटण, शेजारी भाव. एवढं लिहावं.

आणि खाली चार खुर्च्या बायकांसाठी. गुलमंडीत 'उत्तम'ची इमरती घ्यायला, उस्मानपुऱ्यात 'तारा पान'वर बुरखा, साडी, जीन्स सगळ्या जणी उभ्या असतातच. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरी कॅनॉट प्लेसला जाऊन पिझ्झा खातात. आयांना वाटतं पोरींना आपलं खाणं नको झालंय. मला वाटतं, तिथं कुणी त्यांना 'पार्सल?' विचारत नाही, म्हणून त्या जातात. रमजानच्या रात्री शहागंजात बायकांची केवढी गर्दी असते, तेव्हा हेच हॉटेलवाले रस्त्यावर खुर्च्या टाकतात, "आओ बाजी, बैठो" म्हणून बोलावतात. तीस रात्री जमतं ते ईदच्या दुसऱ्या दिवशी का बंद होतं?

परवा रविवारी लेकीला घेऊन पुन्हा गेले. तोच पोऱ्या, तोच प्रश्न. माझ्याआधी तीच म्हणाली, "दो पिलेट, चार नान. यहींच बैठते."

टेबल बेसिनजवळचंच मिळालं. खलिया झकास होता.