पोराची हजेरी मोजता, हप्त्याची कोण मोजणार?

साथींनो, किनवट-माहूरची आपली पोरं नांदेड-लातूरला शिकतात. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती टिकवायची तर हजेरी भरा, पास होऊन वरच्या वर्गात जा, असा नियम. आम्हालाही पोरं पास झालेलीच हवीत. पण हप्ता वर्ष सरताना आला तर तोवर खोलीभाडं, मेस कशावर? पोरगं कापूस वेचायला गावी येतं, हजेरी बुडते, नापास होतं, अन् पैसे बंद! उपाशी ठेवायचं, वर पळत का नाही विचारायचं. 2006 च्या वनहक्क कायद्याचे कागद वाचणारं घरात तेच एक पोर. आमची मागणी: पहिला हप्ता प्रवेशासोबत द्या. एका नापासावर शिष्यवृत्ती तोडू नका. आधी स्वतःची हजेरी दाखवा!