आभाळातली डागडुजी

घरात नवी वस्तू आली, की आमच्या पिढीची माणसे ती आधी उलटी करून पाहतात. स्क्रू कुठे आहेत, झाकण निघते का, हे कळल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. हल्ली बहुतेक वस्तू चिकटवूनच येतात. बिघडली की टाका आणि दुसरी आणा! जमिनीवर हे एक वेळ चालेल. पण अब्जावधी रुपयांची दुर्बीण आभाळात धाडायची, तर तिचे झाकण उघडणारे असावे की नसावे? वाचकहो, हा वाद शास्त्रज्ञांत खरोखरच चालतो.

हबल दुर्बिणीचेच पाहा ना. एप्रिल १९९० मध्ये ती वर गेली आणि छायाचित्रे आली ती धूसर! तिचा २.४ मीटरचा आरसा कडेला केसाच्या पन्नासाव्या भागाइतका जास्त घासला गेला होता. सगळीकडे नाचक्की झाली. परंतु करणाऱ्यांनी एक शहाणपण केले होते. बाहेरून धरायला कठडे ठेवले होते आणि आतली उपकरणे खणासारखी ओढून काढता येत होती. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर गेले आणि त्यांनी बाईंना चष्मा चढवला. तोही भिंगांचा नव्हे, चिमुकल्या आरशांचा. पुढे १९९७, १९९९, २००२ आणि २००९ मध्येही माणसे गेली. पहिली उपकरणे एकेक करून सारी बदलली. मोठा आरसा तेवढा मूळचा राहिला.

२००९ मध्ये मात्र गंमत झाली. एक बंद पडलेले उपकरण आकाशात उघडायचे म्हणून बनवलेलेच नव्हते. झाकणाला शंभरावर स्क्रू! त्याआधी वाटेतला एक कठडा काढायचा, तर त्याचाच एक स्क्रू झिजून जागच्या जागी फिरू लागला. खटपटी करून थकल्यावर माइक मॅसिमिनो यांनी तो कठडा सरळ हिसकून तोडला. म्हणजे अखेर आपलाच घरगुती उपाय!

तरीही दुसरी बाजू हसण्यावारी नेता येत नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये परतताना कोलंबिया यान फुटले. कल्पना चावला आणि त्यांचे सहा सोबती गेले. त्यानंतर २००४ मध्ये नासाने हबलची ती शेवटची फेरी रद्द केली होती. २००६ मध्ये ती पुन्हा मंजूर झाली. यंत्रासाठी माणसे पणाला लावावीत का? डिसेंबर २०२१ मध्ये निघालेली जेम्स वेब तर १५ लाख किलोमीटरवर, चंद्राच्या चौपट दूर. तिथे कोण जाणार? म्हणून तिच्यात दुरुस्तीची सोयच ठेवली नाही. सारे जमिनीवरच तपासून घेतले. ती उत्तम चालली, हे कबूल. पण एक दिवस तिचे इंधन संपेल, तेव्हा आरसा धडधाकट असूनही तिचे काम थांबेल.

माझ्या मते माणूस न जावो, पण झाकण उघडते असावे. यंत्राचा हात जाईल. पृथ्वीसारखे ग्रह शोधणाऱ्या पुढच्या दुर्बिणीचा विचार नासा याच धोरणाने करीत आहे. वजन वाढेल, खर्चही वाढेल, वाढू द्या. हबलला कठडे बसवणाऱ्यांना तरी तिला चष्मा लागणार हे कुठे ठाऊक होते?