मान्यता कॉलेजला नव्हे, शाखेला

२०१८मध्ये कुवेतने नियम केला: भारतीय इंजिनियरला निवास परवान्याचं नूतनीकरण हवं असेल, तर तिथल्या इंजिनियर्स सोसायटीचं ना-हरकत पत्र आणावं. ते पत्र अडलं पदवीच्या 'एनबीए' म्हणजे भारताच्या राष्ट्रीय मान्यता मंडळाच्या मान्यतेवर. वर्षानुवर्षं तिथे राबलेली माणसं हवालदिल झाली. १९९४ साली स्थापन झालेल्या मंडळाची मोहोर १९८८च्या पदवीवर येणार कुठून?

त्याआधी, २०१४मध्ये भारत इंजिनियरिंग पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, तेव्हा आपल्याकडे गड जिंकल्याचा आव होता. प्रत्यक्षात लाभ फक्त एनबीएच्या 'टिअर-१' मान्यतेच्या, म्हणजे विद्यापीठं आणि स्वायत्त संस्थांतल्या अभ्यासक्रमांना. तालुक्या-तालुक्यांतल्या संलग्न कॉलेजांबद्दल मात्र सगळे चिडीचूप. शिवाय करार म्हणजे परवाना नव्हे, कॅनडात 'पी.इंग.' ही उपाधी प्रांतिक संस्थेकडूनच मिळवावी लागते.

प्रवेशाचे दिवस आहेत. फाटकावरच्या 'एनबीए मान्यताप्राप्त' फलकाला भुलू नका. मान्यता कॉलेजला नसते, शाखेला असते, तीही ठरावीक मुदतीची. तुमच्या शाखेची मुदत मंडळाच्या संकेतस्थळावर तपासा आणि मगच पसंतीक्रम भरा.