गेट हवं की डांबर?

नांदेड आणि लातूरच्या आसपास गेल्या काही वर्षांत एक नवीन पीक आलंय. ते खरिपाचं नाही, रब्बीचंही नाही. त्याचं नाव ‘फार्महाऊस प्लॉट’. कुठेही पाण्याचा पट्टा दिसला, धरणाचं बॅकवॉटर असो की साठवण तलाव, की त्याच्या काठच्या शेतात चुन्याच्या रेघा पडतात, रंगीत झेंडे लागतात आणि फ्लेक्स उभा राहतो: ‘लेक व्ह्यू, ३० फुटी रस्ता, सुलभ हप्ते’.

हे प्लॉट कोण घेतं? माझ्यासारखे लोक. नांदेड-लातूरला बारावी केली, इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात नाहीतर हैदराबादला लॅपटॉपपुढे बसतात, आणि गावाकडे आपलं म्हणून काहीतरी असावं असं ज्यांना वाटतं ते. त्या वाटण्याला मी नावं ठेवणार नाही. माझं भांडण प्लॉटशी नाही, त्या ३० फुटी रस्त्याशी आहे. अजून नेमकं सांगायचं तर, तो रस्ता पहिल्या पावसाळ्यात वाहून गेल्यावर प्लॉटधारकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे सुरू होतं त्याच्याशी आहे.

तिथे तीनच वाक्यं फिरत असतात. ‘डेव्हलपरनं करून द्यायला पाहिजे.’ डेव्हलपर शेवटचा प्लॉट विकून पुढच्या तलावावर गेलेला असतो. ‘ग्रामपंचायतीनं करावं, आपण टॅक्स भरतो.’ आणि शेवटी, ‘आमदारसाहेबांच्या पीएशी ओळख आहे, निधीतून बसवू.’ चौथं वाक्य, म्हणजे ‘आपण किती देतोय?’, कुणी टाइप करत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. रस्त्याला गेट लावायचं असेल तर खर्च तुमचा. सरकारी पैसा हवा असेल तर गेट काढा. दोन्ही एकदम मिळणार नाही, आणि मिळत असेल तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी रस्त्याची चोरी आहे.

दुसऱ्या कुणाच्या, ते सांगतो. असा प्लॉटचा रस्ता बहुतेक वेळा आकाशातून पडलेला नसतो. ती आधीची गाडीवाट असते. प्लॉटच्या पलीकडे अजून दहा-वीस जणांची शेतं असतात आणि त्यांची सोयाबीनची रास, हडंबा, खताची पोती, आजारी माणूस, सगळं त्याच वाटेनं जातं-येतं. माझ्या काकांचं शेत अशाच एका लेआउटच्या मागे आहे. लेआउट व्हायच्या आधी ती वाट वाईट होती. आता ती वाईट आहे आणि तिच्यावर गेटही आहे.

आपल्याकडची जमीन काळी, म्हणजे पाणी पिऊन फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी. तिच्यावर नुसता मुरूम टाकून रोलर फिरवला की फोटोपुरता रस्ता होतो. खालून पाणी मुरलं की मुरूम चिखलात बुडतो आणि पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा मुरूम. अशा रस्त्याचा जीव डांबरात नसतो, बाजूच्या चरात असतो. पण चर खोदल्याचा फोटो ब्रोशरमध्ये चांगला दिसत नाही.

आता ‘कुणी द्यायचे’ याकडे येऊ. हा प्रश्न आपल्या ग्रुपवर नवीन असेल, कायद्याला नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ चा आहे. दुसऱ्याच्या जमिनीवरून जाण्याचा हक्क कसा मिळतो, कसा टिकतो, हे त्यात लिहिलंय. त्याचं कलम २५ म्हणतं की तो हक्क वापरण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी जी बांधकामं, दुरुस्त्या लागतील त्यांचा खर्च हक्क भोगणाऱ्यानं करायचा. कलम २७ प्रमाणे ज्याच्या जमिनीतून वाट जाते, त्यानं त्या वाटेसाठी काही करून द्यावं असं बंधन नाही. मूळ तत्त्व इतकंच: जो वापरतो तो दुरुस्त करतो.

शेतकऱ्यासाठी वेगळी दारं आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागायला तहसीलदाराकडे जाता येतं. असलेला रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा काढून घेता येतो, पण अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. मे २०२५ मध्ये महसूल विभागानं शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी, असा निर्णय काढला. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आली, रोजगार हमी आणि राज्याचा निधी यांची सांगड घालून. कागद आहेत. पण कागद आणि मुरूम यांच्यामध्ये जे अंतर असतं ते गावात लोकवर्गणीनं भरतात. एकरी इतके रुपये, ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे त्याचं डिझेल, ज्याच्याकडे काही नाही त्याचे दोन हात.

म्हणजे चित्र असं आहे. पाच एकरवाला शेतकरी वर्गणी काढून मुरूम टाकतो, आणि महिन्याला लाखाच्या वर पगार घेणारा प्लॉटधारक आमदार निधीची वाट बघतो. मला हे चित्र लाजिरवाणं वाटतं.

इथे एक युक्तिवाद हमखास येतो: ‘पण आम्ही महिन्यातून एकदा येतो. रोज वापरतो तो शेतकरी. मग आम्ही कशाला द्यायचं?’ ऐकायला बरोबर वाटतं, म्हणून हिशेबच करू.

१९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ रस्त्यांची एक मोठी चाचणी झाली. ठरावीक वजनाचे ट्रक एकाच रस्त्यावर पुन्हा पुन्हा फिरवले आणि रस्ता किती खराब होतो ते मोजलं. त्यातून निघालेला ढोबळ नियम जगभरचे रस्ते-इंजिनिअर आजही वापरतात: आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान १६ पट होतं. वजन दहापट, तर नुकसान दहा हजार पट. मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर आकडे थोडे इकडेतिकडे होतील, दिशा बदलणार नाही. तुमच्या कारच्या आसावर एक टनाच्या आतबाहेर वजन असतं. भरलेल्या हायवाच्या मागच्या एकेका आसावर दहा टनांच्या आसपास. वाळू, खडी, विटा, सिमेंट, बोअरची गाडी हे सगळं कुणासाठी आलं? महिन्यातून एकदा येणाऱ्यासाठी.

नुकसानीची घात-बित गणितं सोडा, साधं वजन गुणिले अंतर घ्या. आकडे माझे, समजण्यापुरते. समजा तुमचा प्लॉट डांबरी रस्त्यापासून १ किलोमीटर आत आहे. वर्षाला ४० फेऱ्या, दीड टनाची कार, जाऊन-येऊन २ किलोमीटर. झाले १२० टन-किलोमीटर. आता एक घर बांधायला ३० हायवा आले. भरलेला २८ टन, रिकामा १२ टन, म्हणजे एका खेपेला ४० टन-किलोमीटर. तीस खेपांचे १२००. एका घराच्या बांधकामानं रस्त्यावरून जे वजन नेलं ते त्या मालकाच्या दहा वर्षांच्या कारफेऱ्यांइतकं आहे. ‘आम्ही क्वचित येतो’ हे खरं आहे, पण तुमचं घर तुमच्या आधी येऊन गेलंय.

याच हिशेबाची दुसरी बाजूही मांडतो. २ किलोमीटर आतला शेतकरी रोज मोटरसायकलनं आणि सुगीत ट्रॉलीनं जातो. त्याचे टन-किलोमीटर सहज हजारावर जातील. शिवारात ऊस असला तर कारखान्याच्या गाड्या वेगळ्याच. म्हणजे नुसतं सूत्र लावलं तर सगळ्यात जास्त बिल सगळ्यात आतल्या, सगळ्यात गरीब माणसाला येईल. म्हणून सूत्र एकटं पुरत नाही. काय वाहून नेलं इतकंच नाही, कशासाठी नेलं तेही बघावं लागतं.

फिनलंडमध्ये हाच प्रश्न शंभर वर्षं मुरलेला आहे. छोट्याशा देशात पाच लाखांच्या आसपास सुट्टीची घरं, बरीचशी तळ्याकाठी, आणि तिकडे जाणारे रस्ते खाजगी. तिथे रस्त्यालगतचे जमीनमालक मिळून रस्ता-मंडळ करतात. प्रत्येकाचा वाटा वाहतुकीचं वजन आणि अंतर यावरून ठरतो. सुट्टीतल्या घराला कमी एकक, बारमाही राहणाऱ्याला जास्त, लाकूड काढणाऱ्या जंगलाला त्याच्या मानानं. याचा नवा कायदा १ जानेवारी २०१९ पासून लागू झाला, आणि सरकारी मदत हवी तर मंडळ रीतसर स्थापन झालेलं लागतं. शेजारच्या स्वीडनमध्ये तर अटच आहे: खाजगी रस्त्याला राज्याचं अनुदान हवं असेल तर तो सगळ्यांच्या वाहतुकीला खुला ठेवा. अनुदान घेऊन फाटक लावायची सोय नाही. तिथल्या लोकांना हे अन्यायाचं वाटत नाही. आपल्याला का वाटावं?

कुणी म्हणेल, हे सगळं कंपनीवर सोपवा, मेंटेनन्स घ्या आणि मोकळे व्हा. त्याचं उत्तर आपल्याच राज्यात आहे. १९९६ च्या गिरिस्थान धोरणानंतर वरसगाव धरणाच्या काठी, मोसे खोऱ्यात लवासा उभं राहिलं. २००८ मध्ये कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. परवानग्या देणारी तीच, बांधणारीही तीच. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवलं, २०१७ मध्ये तो विशेष दर्जा गेला, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जुलै २०२३ मध्ये एका खरेदीदाराचा आराखडा मंजूर झाला, तोही रखडला. आता विचार करा: ज्यांनी तिथे तळ्याकाठी घर घेतलं, त्यांनी रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल विचारायचं कुणाला? ज्या रस्त्याचा मालक एक कंपनी असते, तो रस्ता कंपनीच्या ताळेबंदाइतकाच टिकतो. एवढी मोठी कंपनी, एवढ्या बँका मागे असूनही हे झालं. आपल्या डेव्हलपरकडे तर एक फॉर्च्युनर आणि दोन सिमकार्डं असतात.

मग आपल्याकडे काय करायचं? माझ्या मते खर्चाचे तीन वेगळे भाग करावे लागतील.

पहिला भाग, मूळ वाटेचा. ट्रॅक्टर, बैलगाडी, रुग्णवाहिका बाराही महिने जाईल इतपत रस्ता, चरांसह. हा सार्वजनिक पैशातूनच व्हायला हवा, कारण ही वाट शेतीची आहे आणि शेतकऱ्याला त्याच्या सूत्राप्रमाणे बिल लावणं म्हणजे पिकाला जकात लावणं आहे. पण हा पैसा घेतलेल्या वाटेवर गेट, वॉचमन, ‘केवळ सभासदांसाठी’ची पाटी, काहीही चालणार नाही.

दुसरा भाग, शौकाचा. डांबर, पेव्हर ब्लॉक, पथदिवे, दुतर्फा पाम. कार खडखडू नये म्हणून जे जे हवं ते प्लॉटधारकांचं. त्यासाठी सहकार कायद्याखाली संस्था नोंदवा, दरवर्षी निधी जमवा, हिशेब त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. दहा ॲपची सबस्क्रिप्शनं आपोआप कटतात आपल्या खात्यातून, एक रस्त्याचंही कटू द्या.

तिसरा भाग, मोडतोडीचा. बांधकाम सुरू करायच्या आधी अनामत ठेवायची, हायवाच्या खेपा मोजायच्या, घर झालं की रस्ता पूर्ववत करून अनामत परत घ्यायची. कारखान्याच्या उसाच्या गाड्यांनाही हाच न्याय. शेतकऱ्यानं पिकवला म्हणून कारखान्याची गाडी हलकी होत नाही.

आणि प्लॉट घ्यायच्या आधी दोन कागद बघा. रस्त्याची नोंद सातबाऱ्यावर आहे का, आणि देखभाल कुणी करायची हे खरेदीखतात लिहिलंय का. ‘३० फुटी रस्ता’ फ्लेक्सवर असून भागत नाही, फ्लेक्स कोर्टात चालत नाही. तो ‘लेक व्ह्यू’सुद्धा जरा तपासून घ्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपल्याकडे तळं हे हंगामी असतं. रस्ता मात्र तळं आटल्यावरही लागतो, उलट जास्त लागतो, कारण तेव्हा टँकर त्याच्यावरूनच येतात.

गेटवाल्यांना एवढंच सांगणं आहे. सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वीस वर्षं विनाअडथळा, उघडपणे, हक्कानं वापरलेल्या वाटेचा हक्क पक्का होतो. तुमच्या गेटमागे ज्याचं शेत आहे त्याचा आजासुद्धा त्या वाटेनं बैल हाकत गेला असेल. तुमची रजिस्ट्री कालची आहे. तो तहसीलला गेला तर गेट निघेल, पण त्यात त्याचा एक हंगाम जाईल, आणि सोयाबीन भिजायला एक हंगामसुद्धा लागत नाही, दोन दिवसांचा पाऊस पुरतो. ती वेळ येऊ देऊ नका. या दिवाळीच्या सुट्टीत गावाकडे जाल तेव्हा ग्रुपवर ते चौथं वाक्य टाइप करा, सोबत स्वतःचा आकडा लिहा, आणि गेटची किल्ली पलीकडच्या शेतकऱ्याच्या हातात द्या. कुलूपच काढलंत तर अजून बरं.